ठेव कोणाची, खर्च कोणाचा?

जुळे सोलापूर हे नाव बाहेरगावच्या माणसाला गमतीचे वाटते. गावाला का कुठे जुळे असते, असे तो विचारतो. विजापूर रस्त्याच्या अंगाने मूळ शहर पसरत गेले, माळरानावर प्लॉट पडले, सोसायट्या उभ्या राहिल्या आणि जुन्या सोलापूरचे हे धाकटे भावंड स्वतःच्या पायांवर उभे राहिले. ज्या भूमीवर ते वसले आहे, तिच्या पोटात काय आहे? काळा पाषाण. लोखंड नाही, कोळसा नाही, तेल नाही. सोन्याचे तर नावच नको. पाऊस म्हणावा तर वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. तरीही येथे दहा लाखांच्या घरातील लोकवस्तीचे शहर वाढले. उलटपक्षी, निसर्गाने ज्यांच्या पदरात भरभरून दान टाकले, असे कित्येक प्रदेश आजही दारिद्र्यात खितपत पडलेले आहेत. या विसंगतीचा अर्थ लावणे हे अर्थशास्त्रज्ञांचे काम आहे हे खरे. परंतु या प्रश्नाला नीतीचीही एक बाजू आहे, आणि त्या बाजूने तो मांडावा, असा आमचा विचार आहे.

शाळेतल्या भूगोलाने आपल्या मनावर एक समीकरण कोरून ठेवले आहे. नकाशावर मँगनीजचा ठिपका, अभ्रकाचा ठिपका, कोळशाचा काळा पट्टा. आणि त्याखाली अमुक प्रदेश ‘संपन्न’ असल्याची ग्वाही. देशाजवळ खनिजे असली की देश श्रीमंत होणार, हे आपण पाढ्यासारखे पाठ केले. जपानने हे समीकरण केव्हाच मोडीत काढले होते. तेल आणि लोहखनिज बाहेरून आणूनच तो देश औद्योगिक सत्ता बनला. पुढे १९९३ साली रिचर्ड ऑटी या अभ्यासकाने विपुल साधनसंपत्तीला ‘शाप’ असा शब्द वापरला. १९९५ साली जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर यांनी अनेक देशांच्या सुमारे दोन दशकांच्या आकडेवारीवरून दाखवून दिले की, ज्यांची निर्यात मुख्यतः निसर्गाच्या देणगीवर चालते, त्यांची वाढ इतरांहून मंद राहिली आहे. या निष्कर्षावर नंतर पुष्कळ वाद झडले. संपत्ती असणे वेगळे आणि तिच्यावरच सर्वस्वी विसंबणे वेगळे, असा भेद पुढच्या अभ्यासकांनी केला. तो आम्हांस पटतो. तेल जमिनीत असल्याने कोणी आळशी होत नाही; तेलाशिवाय दुसरे काही करण्याची गरज उरली नाही की होतो.

हे कसे घडते, याचा वस्तुपाठ हॉलंडने दिला. तेथे ग्रोनिंगेन भागात १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू विकून परकीय चलन आले, त्यामुळे देशाच्या चलनाचा भाव चढला आणि हॉलंडच्या कारखान्यांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला महाग वाटू लागला. एक दार उघडले आणि दहा खिडक्या आपोआप मिटल्या. लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९७७ साली याला ‘डच रोग’ असे नाव दिले, ते आजतागायत रूढ आहे. ज्या ग्रोनिंगेनमुळे हे नाव पडले, तेथील जमीन वायूच्या उपशामुळे वारंवार हादरू लागली, घरांना तडे गेले आणि अखेर २०२४ साली कायदा करून ते क्षेत्र कायमचे बंद करण्यात आले.

हॉलंडचा समाज सुशिक्षित व सावध, म्हणून तो तगला. नाउरूची कथा निराळी. प्रशांत महासागरातील हे अवघ्या एकवीस चौरस किलोमीटरचे बेट फॉस्फेटचे बनलेले होते. १९६८ साली ते स्वतंत्र झाले आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातील पहिल्या काही देशांत जाऊन बसले. सरकारने मेलबर्न शहरात ५२ मजली इमारत बांधली. लिओनार्दो दा विंची यांच्या जीवनावरील एका संगीत नाटकात पैसे घातले. ते १९९३ साली लंडनच्या रंगभूमीवर आले आणि आपटले. फॉस्फेट संपत आले तेव्हा बेटाचा मध्यभाग खणून काढलेल्या दातांसारखा सुळक्यांचा उजाड माळ झाला होता आणि तिजोरीत खडखडाट होता. मेलबर्नची इमारत विकावी लागली. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आपल्या दारी आलेल्या निर्वासितांना ठेवण्यासाठी हे बेट वापरले, आणि त्या मोबदल्यावर एकेकाळचा हा धनाढ्य देश गुजराण करू लागला. नाउरूवासीयांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. वंशपरंपरेने आलेली शेती प्लॉट पाडून विकायची आणि त्या पैशांत लग्ने व मोटारी उरकायच्या, हा प्रकार प्रत्येक वाढत्या शहराच्या वेशीवर आपण पाहतोच.

आता दुसरी बाजू. नॉर्वेच्या समुद्रात १९६९ साली तेल मिळाले. त्या देशाने तेलाच्या उत्पन्नासाठी १९९० साली कायद्याने निधी स्थापन केला. १९९६ साली त्यात पहिली रक्कम पडली. हा पैसा देशाबाहेर गुंतवायचा आणि दरवर्षी निधीच्या अपेक्षित परताव्याएवढीच रक्कम, म्हणजे सध्या सुमारे तीन टक्के, खर्चासाठी घ्यायची, असा दंडक आहे. मूळ ठेवीला हात लावायचा नाही. बोट्सवानाचे उदाहरण आम्हांस याहूनही बोलके वाटते, कारण १९६६ साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तो देश जगातील अतिदरिद्री देशांपैकी एक होता. दुसऱ्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, तेही अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या भूमीत. आपल्या जमातीसाठी ते राखून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी कायदा झाला आणि भूगर्भातील संपत्ती साऱ्या राष्ट्राची ठरली. त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले आणि काही दशके तो देश जगातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांत गणला गेला. अलीकडे हिऱ्यांची मागणी घसरली तेव्हा त्यालाही चटका बसलाच. एकाच खांबावर उभ्या असलेल्या घराला तो बसायचाच.

या सर्व उदाहरणांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, आणि ती आपल्या गृहिणींना अर्थशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. पगारावर घर चालवणे वेगळे आणि अंगावरचे सोने मोडून घर चालवणे वेगळे. दोन्ही प्रकारांत महिनाअखेर हातात पैसे असतात. दोन्ही घरांत चूल पेटते. परंतु एका घरात ती कमाई असते आणि दुसऱ्यात ओहोटी. राष्ट्राच्या जमाखर्चात मात्र खाणीतून काढलेले खनिज उत्पन्न म्हणून धरले जाते. जमिनीतली ठेव तेवढ्याने घटली, याची नोंद सहसा होत नाही. कॅनडातील अर्थतज्ज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ साली नियमच घालून दिला की, संपणाऱ्या साधनापासून मिळालेला लाभ दुसऱ्या टिकाऊ भांडवलात गुंतवला, तरच पुढच्या पिढीचे नुकसान होत नाही. सोने मोडलेच, तर त्यातून मुलाचे शिक्षण व्हावे किंवा विहीर खणली जावी, मेजवान्या नव्हेत.

आमच्या अनेक वाचकांचे नातेगोते गोव्यात आहे, त्यांना हा हिशेब अधिक जवळून कळेल. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींचे परवाने पोर्तुगीज अमलात दिले गेले. मुक्तीनंतरही ते चालू राहिले आणि १९८७ च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले. चालू शतकाच्या आरंभी चीनची भूक वाढली. पूर्वी ज्या हलक्या प्रतीच्या मातीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तीही बोटीवर चढू लागली. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. सावर्डे-कुडचडेच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा, मांडवी आणि झुआरीच्या पात्रांत बार्जेसची रीघ, घरांवर, झाडांवर, मुलांच्या गणवेशांवर लाल धूळ. शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि गावच्या विहिरी आटल्या. त्याच वेळी ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची आणि गॅरेजवाल्यांची घरेही त्याच धुळीतून उभी राहिली, हेही विसरून चालणार नाही.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात नुकसानीचा अंदाज सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांचा होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, हे भाडेपट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते. म्हणजे तेथून पुढची जवळजवळ पाच वर्षे, तेजीची ऐन वर्षे, जे काही उकरून नेले त्याला कायद्याचा आधार नव्हता. नूतनीकरण केलेले ८८ भाडेपट्टे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने रद्द झाले. मध्येच अडकला तो बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतलेला सामान्य माणूस. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत.

या सर्व धामधुमीत एका गोष्टीकडे आमचे लक्ष वेधले गेले. २०१४ च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले की, खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहा टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत ठेवावा, येणाऱ्या पिढ्यांसाठी. ‘गोवा फाउंडेशन’ या संस्थेने हा लढा चालवला होता. जो अजून जन्माला आलेला नाही, ज्याचे मत नाही, ज्याची संघटना नाही, त्याचाही या मातीत वाटा आहे, हे तत्त्व आपल्या देशात अशा रीतीने रकमेत मोजले गेल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही. दहा टक्के पुरेसे आहेत काय? आमच्या मते नाहीत. सोने मोडून नव्वद टक्के रक्कम खाल्ली आणि दहा टक्के पोस्टात टाकली, तर त्याला काटकसर म्हणत नाहीत. परंतु शून्यापेक्षा दहा बरे.

गोव्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दरडोई उत्पन्नात गोवा भारतात अग्रभागी आहे. मग शाप कोठे गेला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गोव्याला खाणींनी एकट्याने वर आणले नाही. शाळा, पर्यटन, बोटीवर आणि आखातात राबणाऱ्या लेकरांनी पाठवलेले पैसे, या साऱ्यांनी ते घर उभे आहे. म्हणूनच खाणी बंद पडल्यावर ते डळमळले, कोसळले नाही.

शुभवर्तमानात धन्याने सेवकांवर सोपवलेल्या द्रव्याचा दाखला आहे. एका सेवकाने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला आणि धन्याचा रोष ओढवून घेतला. खाणवाल्यांना हा दाखला आवडावा, असे आमच्या मनात अनेकदा येते: जमिनीत पुरलेले धन तसेच ठेवणे हे पाप, ते उकरून वापरा! परंतु त्या दाखल्यातील सेवकांपैकी एकाही जवळचे द्रव्य त्याचे स्वतःचे नव्हते, आणि धनी परत आल्यावर प्रत्येकाला हिशेब द्यावा लागला. दुप्पट करून देणाऱ्याची वाहवा झाली. विकून खाल्ले, असे सांगणारा तेथे कोणी नव्हता.

उकरावे की नाही, या प्रश्नाआधी कोणी ठरवावे हा प्रश्न येतो. आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला गडचिरोली आहे. दाट जंगल, आणि सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या राज्याच्या मानव विकास अहवालात हाच जिल्हा सर्वांत तळाशी होता. तेव्हा सुरजागडचे उत्खनन सुरू झालेले नव्हते. म्हणजे नुसती संपत्ती असून पोट भरत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुढे खनिज निघू लागले. त्याचे ट्रक रस्त्यांवर धावू लागले आणि ते जाळलेही गेले. त्या जिल्ह्याचे भाग्य या लोखंडाने फळफळेल की नाही, हे काळ सांगेल. त्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने मात्र काळाची वाट पाहिली नाही. वनहक्क कायदा २००६ साली आला. त्याखाली या गावाने आपल्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू किती तोडायचा, कोणाला विकायचा, पैशाचे काय करायचे, हे सारे गाव एकत्र बसून, एकमत होईपर्यंत चर्चा करून ठरवते. बोट्सवानाने राष्ट्राच्या पातळीवर जे केले, ते या गावाने आपल्या वेशीत केले.

येथे आपण महाराष्ट्रीयांनी एका जुन्या गोष्टीची आठवण ठेवावी. पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत आपल्या देशात मालभाडे समानीकरणाचे धोरण होते. पोलाद देशात कोठेही घ्या, भाव एकच. बिहार, ओरिसा, बंगाल यांच्या भूमीतून निघालेल्या खनिजाचे पोलाद मुंबई-पुण्याच्या कारखानदाराला तेथल्याच भावाने मिळत असे. मग कारखाना खाणीजवळ कोण काढणार? खाण त्यांच्याकडे राहिली, कारखाने आपल्याकडे आले. आपल्या प्रगतीत आपल्या उद्यमशीलतेचा वाटा मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या प्रगतीखाली दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीत पडलेले खड्डे आहेत.

सोलापूरही असेच दुसऱ्याच्या मालावर आणि स्वतःच्या हातांवर वाढले. १८६० साली रेल्वे आली आणि १८७० च्या दशकात जुनी मिल निघाली. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. कोळसा बाहेरचा, यंत्रे बाहेरची, आणि तेलंगणातून दुष्काळाच्या व कामाच्या निमित्ताने आलेले पद्मशाली विणकर तर मूळचे परमुलखातलेच. त्यांच्या हातांतली कला हीच सोलापूरची खाण होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते येथल्या कारागिरीसाठी. सोलापूरच्या मातीत चादर उगवत नाही. येथल्या हजारो स्त्रिया विड्या वळतात, त्यांचे पानही विदर्भाच्या आणि मध्य भारताच्या जंगलांतून येते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ साली ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या विश्वपत्रात नेमकी हीच गोष्ट नोंदवली आहे: पुढारलेल्या देशांची संपत्ती निसर्गाच्या देणगीपेक्षा ज्ञान, तंत्र आणि कौशल्य यांवर अधिक उभी आहे. आणि ज्यांना ते ज्ञान मिळवण्याची संधीच मिळत नाही, ते वाटेच्या कडेला फेकले जातात, याचीही चिंता त्यांनी तेथेच व्यक्त केली आहे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा तो अनुभव सोलापूरने घेतला. यंत्रे भंगारात गेली, आणि त्यांच्यासमोर उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसांचे कसबही.

मात्र सोलापूरला निसर्गाची देणगी अजिबात मिळाली नाही, असे आता म्हणता येणार नाही. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि या कोरड्या जिल्ह्याच्या हाती ११७ टीएमसी पाण्याचा साठा आला. एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन हजार आठशे कोटी लिटर. त्यातील साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास साठा उपयुक्त, बाकीचा मृत. पाऊस घाटमाथ्यावर आणि पुणे जिल्ह्यात पडतो, पाणी आपल्या दाराशी येऊन थांबते. येताना ते पुण्याचे सांडपाणीही घेऊन येते, हा भाग वेगळा. विनाश्रम मिळालेली एवढी मोठी संपत्ती आखाती देशांना तेलाच्या रूपाने लाभली, आपल्याला पाण्याच्या रूपाने.

अर्थात विनाश्रम आपल्याला. इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांतील पन्नासाहून अधिक गावांनी त्यासाठी घरे-शेते सोडली. पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, लोक छायाचित्रे काढायला जातात.

त्या पाण्याचे आपण काय केले? मुख्यतः ऊस. आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत; राज्यात इतके कोठेही नाहीत. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवून ठेवले आहे की, महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील जमिनीचा चार टक्क्यांहून कमी भाग व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास हिस्सा पितो. किलोभर साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. साखरेचे पोते परदेशी जाते तेव्हा खरे तर वाळवलेली भीमाच बोटीवर चढते. जलसाठा दर पावसाळ्यात पुन्हा भरतो, खाण भरत नाही, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. परंतु डच रोगाची खूण संपण्यात नाही, विसंबण्यात आहे. मंगळवेढ्याची ज्वारी पाटाच्या पाण्याशिवाय, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते. तिच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावे उजनीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिली. जेथे पाणी पोहोचले, तेथे उसाने बाकीच्या पिकांना हळूहळू बांधाबाहेर काढले.

यात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोषी धरणे सोपे आहे, आणि म्हणूनच शहरी माणसे ते वारंवार करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने पाचशे बारा किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. उसाला निदान कायद्याने ठरवलेला भाव आहे, दारात येऊन तोडून नेणारा कारखाना आहे. ज्याला मुलीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज एकाच वर्षी फेडायचे आहे, त्याने राज्याच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शिवाय साखरेचा सगळाच पैसा वाया गेला असेही नाही. अकलूजसारख्या गावांत त्याच पैशातून शाळा-महाविद्यालये उभी राहिली, आणि उसाच्या फडाकाठी वाढलेली मुले अभियंते, डॉक्टर झाली. हार्टविक यांचा नियम तेथे कोणी वाचला नव्हता. पाळला मात्र गेला. दोष शोधायचाच तर तो धोरणात आहे: कांद्याला, डाळीला, ज्वारीला वाऱ्यावर सोडून एकाच पिकाला छप्पर दिले, आणि मग सारे त्या छपराखाली का गोळा झाले म्हणून विचारले. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्याने २०१७ साली घेतला. तो बहुतांशी कागदावरच राहिला.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे मृत साठ्यालाही हात लागला. ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले आणि उणे हा शब्द वर्तमानपत्रांतून नाहीसा झाला. धरणाच्या तळाशी पंधरा टीएमसीच्या घरात गाळ साचल्याचा अंदाज आहे. तो मात्र पावसाने नाहीसा होत नाही, वाढतो. शहराला पाणी देण्यासाठी ते वर्षानुवर्षे नदीतून औजच्या बंधाऱ्यापर्यंत सोडले गेले. शहर प्यायले त्याहून कितीतरी अधिक वाटेत जिरले, उडाले आणि उपसले गेले. आणि जुळे सोलापूरच्या घराघरांत पाणी दिवसांआड मोजून भरण्याची सवय हाडीमाशी रुजली: कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, त्यावर धुणे, पाहुणे आणि स्नानाचे वेळापत्रक ठरायचे. शंभर टीएमसीचा धनी असलेल्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात बादल्यांची रांग, याहून ‘संपत्तीचा शाप’ या शब्दांचा अर्थ आम्हांस कोणी अधिक स्पष्ट करून सांगितलेला नाही.

उजनीचे पाणी केव्हा आणि किती सोडायचे, हे कालवा सल्लागार समिती ठरवते. बैठकीला मंत्री असतात, आमदार-खासदार असतात, पाटबंधारे खात्याचे अधिकारी असतात आणि लाभक्षेत्राचे प्रतिनिधी असतात. २०२१ साली उजनीतील पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे वळवण्याचा निर्णय झाला, तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपला वाटा जाऊ लागला की आपण एक होतो. परंतु आपल्याच वाट्याची वाटणी होत असते तेव्हा पळसदेवचा विस्थापित, मंगळवेढ्याच्या कोरड्या गावातला ज्वारीवाला, विडी वळणारी बाई आणि पहाटे नळाशी उभी असलेली जुळे सोलापूरची गृहिणी यांच्यासाठी त्या बैठकीत खुर्ची कोणती? मेंढा-लेखाची सारी वस्ती एका झाडाखाली मावते, जिल्हा मावणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी पुढचे आवर्तन जाहीर होईल तेव्हा कोणत्या पिकाला किती, कोणत्या गावाला किती आणि पिण्याला किती, याचा आकडेवार तक्ता चावडीवर व महापालिकेच्या दारात लावा, एवढी मागणी आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, या वर्षीच करता येईल.